ग्रीन फ्लॅग योजना (लाँग बीच बंदर)

ग्रीन फ्लॅग योजना : अमेरिकेच्या कॅलिफोर्निया राज्यातील लाँग बीच बंदराची सन्मान व सवलत योजना. बंदराकडे येताना आणि बंदर सोडताना वेग १२ नॉट (ताशी १२ सागरी मैल, म्हणजे सुमारे २२ किमी.) किंवा त्याहून कमी ठेवणाऱ्या जहाजांचा तीत गौरव होतो आणि ती चालवणाऱ्या कंपन्यांना डॉकेजमध्ये, म्हणजे धक्क्याला लागून राहण्याच्या भाड्यात, सूट मिळते. योजना ऐच्छिक आहे. वेगाने आलेल्या जहाजाला दंड नाही. फक्त सूट हुकते.

पार्श्वभूमी : लाँग बीच आणि लॉस अँजेलिस ही शेजारी बंदरे सॅन पेड्रोच्या एकाच उपसागरात आहेत. जहाजांच्या डिझेल इंजिनांचा धूर समुद्रावरच्या वाऱ्याबरोबर किनाऱ्यावरील वस्तीत येतो. २००१ मध्ये दोन्ही बंदरे, पर्यावरण यंत्रणा आणि जहाज उद्योग यांनी वेग कमी ठेवण्याचा ऐच्छिक करार केला. पैशाचे आमिष नसल्याने प्रतिसाद बेताचाच राहिला. जानेवारी २००५ मध्ये लाँग बीचने हरित बंदर धोरण स्वीकारले आणि त्यातून ही योजना आकाराला आली.

मोजणी व निकष : सॅन पेड्रो येथील पॉइंट फर्मिन हे भूशिर मोजणीचा मध्यबिंदू. सुरुवातीला तेथून २० सागरी मैलांच्या आतला वेग मोजला जाई. २००९ मध्ये ४० मैलांचा टप्पा जोडला गेला. नोंद जहाज कंपनी करत नाही. जहाजांच्या ये-जावर नजर ठेवणारी दक्षिण कॅलिफोर्नियाची मरीन एक्स्चेंज ही संस्था रडार आणि जहाजाचे स्थान व वेग आपोआप प्रसारित करणाऱ्या स्वयंचलित ओळख यंत्रणेच्या (एआयएस) आधारे ती करते. कॅलेंडर वर्षातील किमान ९० टक्के फेऱ्यांत वेग पाळणाऱ्या कंपनीला पुढील वर्षी डॉकेजमध्ये सूट मिळे : २० मैलांसाठी १५ टक्के, ४० मैलांसाठी २५ टक्के. सलग १२ महिने प्रत्येक फेरीत वेग पाळणाऱ्या जहाजाला ग्रीन फ्लॅग सन्मान मिळतो. म्हणजे पैसा कंपनीला, मान जहाजाला.

बंदरांचे अनेक पुरस्कार अर्ज, शिफारस आणि परीक्षक मंडळ या वाटेने जातात, त्यामुळे अहवाल छान लिहिणारा पुढे सरकतो. येथे परीक्षकच नाही, हे या योजनेचे खरे बळ. शंभराऐवजी नव्वदाची अटही विचारपूर्वक घातलेली दिसते. वादळ किंवा उशीर यामुळे एखाददुसऱ्या फेरीत वेग पाळता आला नाही म्हणून कंपनी वर्षभराचा नाद सोडून देत नाही.

वेग का : जहाज पुढे ढकलायला लागणारी शक्ती ढोबळमानाने वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. २० नॉटवरून १२ नॉटवर आल्यास शक्ती सुमारे २२ टक्क्यांवर उतरते. तेच अंतर कापायला वेळ मात्र जास्त लागतो, म्हणून प्रति मैल ऊर्जा सुमारे ३६ टक्के राहते. ४० मैलांना २ तासांऐवजी ३ तास २० मिनिटे लागतात. या जादा ८० मिनिटांत जनरेटर आणि बॉयलर चालूच असतात. हिशेब करताना हे बरेचदा विसरले जाते.

वेग कितीही उतरवून चालत नाही. २४ नॉटसाठी बांधलेल्या कंटेनर जहाजाला १२ नॉटला जेमतेम अष्टमांश शक्ती लागते. इतक्या कमी भारावर टर्बोचार्जर (इंजिनात हवा दाबून भरणारे यंत्र) पुरेशी हवा देत नाही, सहायक ब्लोअर (हवा ढकलणारे पंखे) लावावे लागतात आणि दर युनिट शक्तीमागे काजळी वाढते. एकूण धूर तरीही घटतो, पण कागदावरच्या घनाच्या नियमाइतका नाही. शिवाय मोठ्या इंजिनाचा भार हळूहळू उतरवावा लागतो, त्यामुळे ४० मैलांची रेषा येण्याच्या बऱ्याच आधी तयारी सुरू करावी लागते. एआयएस जमिनीच्या सापेक्ष वेग दाखवते. प्रवाह पाठीमागून असेल तर पाण्याच्या सापेक्ष वेग मोजणाऱ्या जहाजावरच्या ‘लॉग’ या उपकरणावर १२ दिसत असताना नोंद त्याहून जास्त होऊ शकते. अर्धा नॉट हातचा राखलेला बरा.

अडचणी : जहाजाला उशीर झालेला असेल तर सवलतीचा मोह कमी पडतो. धक्क्यावरील कामगारांची पाळी सकाळी ८ किंवा संध्याकाळी ६ वाजता सुरू होते. ती चुकली तर होणारा खर्च डॉकेजमधल्या बचतीपेक्षा सहज मोठा ठरतो, कारण सूट फक्त डॉकेजवर आहे; मालावरचे शुल्क, पायलट (जहाज बंदरात आणणारा वाटाड्या) आणि माल चढवण्या-उतरवण्याचा खर्च तसाच राहतो. काही जहाजे हरवलेली ८० मिनिटे रेषेबाहेर वेग वाढवून भरून काढू शकतात. किनाऱ्यावरची हवा सुधारते, इंधनाची एकूण बचत मात्र आटते. रेषा आखली की वाहतूक तिला वळसा घालते, याचा धडा याच किनाऱ्यावर मिळाला : जुलै २००९ मध्ये किनाऱ्यापासून २४ मैलांत स्वच्छ इंधनाची सक्ती होताच अनेक जहाजांनी सांता बार्बरा खाडीचा मार्ग सोडून बाहेरचा धरला.

संबंधित योजना : २०१२ मध्ये लाँग बीचने कमी नायट्रोजन ऑक्साइड सोडणाऱ्या इंजिनांसाठी प्रति फेरी २,५०० ते ६,००० डॉलरची वेगळी सवलत आणली. सांता बार्बरा खाडीत २०१४ पासून निळ्या देवमाशांना धडक बसू नये म्हणून वेग कमी ठेवण्याची ऐच्छिक मोहीम चालते. भारतात गोव्याच्या मुरगाव बंदराने ऑक्टोबर २०२३ मध्ये ‘हरित श्रेय’ योजना सुरू केली. तीत वेग मोजला जात नाही. पर्यावरणीय जहाज निर्देशांकातील जहाजाच्या गुणांनुसार बंदर शुल्कात सूट मिळते. त्यामुळे जहाज मुरगावजवळ कसे चालवले यापेक्षा त्याचे इंजिन आणि इंधन कसे आहे यावर सवलत ठरते.