लहान गाडीचं रूप आणि लांब सीट

२०२५च्या दसऱ्याच्या तोंडावर चोपड्याला भाचा आणि दाजींबरोबर शोरूममध्ये गेलो होतो. २२ सप्टेंबरला जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ वर आला होता, त्यामुळे गर्दी अशी, की चपला बाहेर काढायला लावल्या असत्या तर सापडल्या नसत्या. भाच्याचे डोळे एका सव्वाशे सीसीच्या गाडीवर. टाकी फुगलेली, हेडलाइट एखाद्या किड्याच्या डोळ्यांसारखा, मागची सीट वेगळी आणि वीतभर उंच. दाजींनी गाडीला एक चक्कर मारली, हँडलकडे पाहिलंही नाही. सरळ मागच्या सीटवर पंजा ठेवून दाबलं, मग बोटं पसरून वितीने लांबी मोजली. सेल्समनला एकच प्रश्न, "ॲव्हरेज कितला देस, भो?" उत्तर ऐकून घेतलं आणि म्हणाले, "बरं. आणि गोणी कोठे ठेवानी?"

भाच्याचा चेहरा उतरला. पण दाजींचा प्रश्न आजचा नाही. आपल्याकडे शंभर-सव्वाशे सीसीची, दिसायला देखणी, रस्त्यावर चालवायची साधी मोटारसायकल इतकी दुर्मिळ का, याचं निम्मं उत्तर त्या गोणीत आहे. उरलेलं निम्मं दिल्लीच्या कागदांत.

सुरुवातीला लहान मोटारसायकल हा प्रकारच नव्हता. परवान्यांच्या काळात घ्यायची म्हटली तर तीन घरं: मद्रासची बुलेट, म्हैसूरची जावा (पुढे तिचीच येझदी झाली) आणि एस्कॉर्ट्सची राजदूत. राजदूतचं १७५ सीसीचं इंजिन मूळ पोलंडच्या गाडीवरून घेतलेलं. खानदेशात ती दूधवाल्यांची आणि लग्नात जावयाला द्यायची गाडी. हुंड्याच्या यादीत घड्याळ-रेडिओनंतर तिचं नाव यायचं, हेही लिहून ठेवायला हवं. त्याच राजदूतने १७५चीच एक छोट्या चाकांची जीटीएस काढली. १९७३च्या 'बॉबी' सिनेमात ती झळकली आणि लोक तिला 'बॉबी'च म्हणू लागले. लहानखुरी आणि देखणी मोटारसायकल आपल्याकडे बहुधा तीच पहिली. पण दुधाच्या कॅना तिला लटकवायच्या कुठे? गावात एखादी यायची, ती डॉक्टरच्या नाहीतर सिनेमा टॉकीजवाल्याच्या मुलाची.

लहान इंजिन आलं ते मोपेडच्या रूपात. नगरच्या कायनेटिकची लुना १९७२ची, ५० सीसीची. शाळामास्तर, पोस्टमन, ग्रामसेवक यांनी ती वर्षानुवर्षं चालवली. लुनाने एक गोष्ट मात्र मनात पक्की केली: लहान इंजिन म्हणजे गरजेची गाडी, हौसेची नव्हे.

मग ऐंशीच्या दशकात दार उघडलं. सरकारने दुचाकीत परदेशी कंपन्यांशी भागीदारीला वाट दिली आणि जपानी घराणी शंभर सीसीच्या गाड्या घेऊन आली. १९८४ला टीव्हीएसबरोबर इंड-सुझुकी, १९८५ला हिरो होंडा सीडी १०० आणि त्याच वर्षाच्या शेवटी एस्कॉर्ट्सची यामाहा आरएक्स १००, १९८६ला बजाजची कावासाकी केबी १००. दोन-अडीच वर्षांत चार गाड्या, चौघी शंभराच्या. कुणी बसून आखलेलं नसताना लहान गाडीचा सुवर्णकाळ सुरू झाला.

त्यातल्या आरएक्स १००बद्दल थोडं जास्त बोललं तर चालेल, खानदेशात तेवढा हक्क तिचा आहे. ९८ सीसी, ११ हॉर्सपॉवर, वजन साधारण शंभर किलो. त्याच आकाराच्या सीडी १००ला तिच्या तुलनेत सात-साडेसातच हॉर्सपॉवर होती. कारण टू-स्ट्रोक. फोर-स्ट्रोक इंजिनात दोन फेऱ्यांमागे एकदा स्फोट होतो, टू-स्ट्रोकमध्ये दर फेरीला. इंजिन लहान, हलकं, पण जोर भरपूर. तिच्यात नखऱ्याचं असं काही नव्हतं: गोल हेडलाइट, सपाट सीट, क्रोमचे मडगार्ड आणि लांब सायलेन्सर. पण सगळं मापात. बाई साधं लुगडं नेसूनही उठून दिसावी, तसं. माझ्या काकांकडे काळी होती, एमएच-१९ पासिंगची. पहाटे केळीच्या मळ्याला निघाले की किक मारल्यावर जो टर्र-टिंग-टिंग आवाज यायचा, त्यावरून आजी चहाचं आधण ठेवायची का उतरवायची ते ठरवायची, कारण काका पाच मिनिटांत वळून येणार की दुपारी, ते आवाजावरून तिला कळायचं. कसं कळायचं ते तिलाच ठाऊक.

आरएक्सचं दुखणंही त्याच इंजिनात होतं. टू-स्ट्रोकमध्ये पेट्रोलबरोबर ऑइल जळतं, आणि काही पेट्रोल न जळताच सायलेन्सरातून निघून जातं. ॲव्हरेज चाळिशीच्या आसपास. तिकडे सीडी १००ची जाहिरात 'फिल इट, शट इट, फरगेट इट' म्हणत लिटरला ऐंशीचा दावा करत होती. कापूसवाल्याला हिशोब मांडायला वही लागली नाही. त्यात १९९१पासून धुराचे नियम आले, १९९६ आणि २०००मध्ये कडक झाले. १९९६ला आरएक्स १०० बंद पडली. तिची १३५ सीसीची धाकटी बहीण काही वर्षं टिकली, सुझुकीची शोगन आणि शाओलिनही काही काळ दिसत राहिल्या, पण वारं फिरलं होतं. काकांनी गाडी भंगारच्या भावात एका मेकॅनिकला दिली. आज तो मेकॅनिक भेटला की काका रस्ता बदलतात.

दरम्यान १९९४ला स्प्लेंडर आली होती. ९७.२ सीसी, फोर-स्ट्रोक, बिघडायला तयार नसलेली. २००१ला हिरो होंडा जगातली सर्वांत मोठी दुचाकी कंपनी झाली, आणि त्या यशात शंभर सीसीचा वाटा किती, ते सांगायला नको. पण त्या यशाने लहान इंजिनाला संसारी करून टाकलं. सूनबाई घरात आली, कामाची निघाली, मग तिला नटायला कुणी वेळच दिला नाही. नवीन मॉडेल म्हणजे नवीन स्टिकर. त्याच २००१ची पॅशन ही त्यातल्या त्यात नटलेली. रंगीत पॅनेल, थोडी उठावदार टाकी. लग्नाळू पोरांमध्ये तिची हवा होती. बाकी सांगाडा आणि इंजिन ओळखीचंच.

आता गोणीकडे येतो. खानदेशात मोटारसायकल हे वाहतुकीचं साधन आहे, माणसाच्या आणि मालाच्याही. युरियाची ४५ किलोची गोणी, फवारणीचा पंप, बैलाला चारा, दुधाचे दोन कॅन, यावल-रावेरकडे केळीचे घड, आणि संध्याकाळी त्याच गाडीवर नवरा, बायको, मधे लेकरू. सातपुड्यात धडगाव-अक्कलकुव्याकडे तर तीन माणसं म्हणजे गाडी अर्धी रिकामी. या सगळ्याला लागते एकच गोष्ट: लांब, सपाट, एकसलग सीट. देखण्या गाडीची ओळख नेमकी उलटी असते. टाकी वर उचललेली, तिच्यावर गोणी आडवी ठेवली तर घसरते. सीट दोन तुकड्यांची, मागचा तुकडा उंच आणि अरुंद. शेपूट आखूड, कॅरिअर लावायला जागा नाही. गावातला वेल्डिंगवाला कुठल्याही गाडीला लोखंडी कॅरिअर ठोकून देतो, पण अशा गाडीसमोर तोही डोकं खाजवतो.

सीटचा प्रश्न बायका बसतात तिथे आणखी घट्ट होतो. नऊवारीवाली आजी असो की सहावारीतली मास्तरीणबाई, दोन्ही पाय एका बाजूला. १९८९च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत १२३वा नियम आहे: मागे माणूस बसणाऱ्या मोटारसायकलला धरायला पक्की मूठ, पाय ठेवायला जागा आणि मागचं निम्मं तरी चाक झाकणारं आवरण हवंच, कपडे चाकात अडकू नयेत म्हणून. आपला साडीगार्ड तो. नियम अगदी योग्य. साडी चाकात जाऊन झालेले अपघात आपल्यापैकी कुणी ऐकले नाहीत असं नाही. पण जाळी लागली की गाडीचं मागचं रूप झाकलं जातं, हेही खरं. धुळ्या-जळगावच्या कॉलेजसमोर पाहा: पोरगा गाडी घरी आणतो आणि आठवड्यात साडीगार्ड काढून माळ्यावर टाकतो. आई बसायची वेळ आली की माळ्यावर शोधाशोध.

देखणेपण कुठे गेलं? वर गेलं. १९९९ला हिरो होंडाची सीबीझेड आली, १५६.८ सीसी, पुढे डिस्क ब्रेक. २००१च्या शेवटी बजाजची पल्सर, १५० आणि १८०. २००८ला यामाहाची एफझी, १५३ सीसी, मागे १४०चा जाड टायर. आणि त्याच वर्षी आर १५. या गाड्यांनी पोरांच्या मनात एक समीकरण बसवलं: रूप पाहिजे तर दीडशे. मग शंभर-सव्वाशेत रूप घालायला कंपन्यांना कारणच उरलं नाही, उलट घातलं तर आपल्याच दीडशेच्या गाडीचं गिऱ्हाईक तुटायचं. तरी प्रयत्न झाले. यामाहाची एन्टायसर, सव्वाशेची लांबट क्रूझर. आमच्या कॉलेजात एकाकडे होती आणि तो तिच्यावर आरामखुर्चीत बसल्यासारखा बसायचा. बजाजची विंड १२५. होंडाची स्टनर, २००८ची. नावं आठवतात, रस्त्यावर गाड्या आठवत नाहीत. ॲव्हरेजवाल्याला त्या महाग वाटल्या आणि रूपवाल्याला कमी सीसीच्या.

कागदांतली गोष्ट इथे येते, आणि माझ्या मते ती गोणीपेक्षाही मोठी आहे. युरोपात बऱ्याच देशांत सोळाव्या वर्षी ए-१ लायसन्स मिळतं, त्यावर १२५ सीसी आणि १५ हॉर्सपॉवरपर्यंतचीच गाडी चालवता येते. मग तिथल्या पोरांना पर्याय नसतो आणि कंपन्या सव्वाशेतच जीव ओततात. आपल्याकडे सोळाव्या वर्षी ५० सीसी, बिनगिअरची. अठरा झाली की गिअरच्या मोटारसायकलचं एकच लायसन्स. त्यावर स्प्लेंडर चालवा नाहीतर ६५०ची रॉयल एनफिल्ड, कायदा काही म्हणत नाही. मधली पायरीच नाही. पायरी नाही तर पायरीवर थांबणारं गिऱ्हाईक नाही.

याचा सर्वांत चोख दाखला पुण्याजवळच्या चाकणचा. ऑस्ट्रियाच्या केटीएमची १२५ ड्यूक २०११पासून बजाजच्या तिथल्या कारखान्यात बनत होती आणि जहाजाने युरोपला जात होती. आपल्याला २०१२ला २००ची ड्यूक मिळाली. चाकणची सव्वाशे चाकणच्या रस्त्यावर अधिकृतपणे यायला २०१८चा नोव्हेंबर उजाडला. किंमत १ लाख १८ हजार, स्प्लेंडरच्या दुपटीहून जास्त. तेवढ्यात बुलेटच्या जवळ पोचता येत असताना सव्वाशे कोण घेणार? जळगावात ती घेणारे भेटले ते बहुतेक बारावीच्या निकालाचं बक्षीस म्हणून बापाने दिलेले.

तरीही गेल्या काही वर्षांत सव्वाशेला थोडं बाळसं आलं आहे, तेही एका सुरक्षेच्या नियमामुळे. १ एप्रिल २०१९पासून १२५ सीसीच्या वरच्या सगळ्या नव्या दुचाकींना एबीएस, म्हणजे जोरात ब्रेक दाबला तरी चाक अडकू न देणारी सोय, सक्तीचं झालं. १२५ आणि खालच्यांना दोन्ही ब्रेक एकत्र लागण्याची साधी सोय पुरेशी ठरली. मग २०२०ला बीएस-६ हे धुराचे आणखी कडक नियम आले, कार्ब्युरेटर जाऊन फ्युएल इंजेक्शन आलं, सगळ्याच गाड्या महागल्या. दीडशेची गाडी हातातून निसटली आणि पोरं खाली उतरली. २०२१ला टीव्हीएसची रायडर, २०२४ला हिरोची एक्स्ट्रीम १२५आर, बजाजच्या पल्सरच्या सव्वाशे, २०२५ला होंडाची सीबी १२५ हॉर्नेट. चाळीस वर्षांत लहान इंजिनाकडे एवढ्या जणांनी रूप म्हणून बघितलं नव्हतं. शंभर सीसीत मात्र अजून तीच शांतता. आणि जीएसटीची २०२५ची कपात ३५० सीसीपर्यंत सरसकट सारखी, त्यामुळे वरच्या गाड्याही तेवढ्याच जवळ आल्या. सव्वाशेचा हा बहर किती टिकतो ते बघायचं.

गंमत सीटचीच. रायडर आली ती दोन तुकड्यांच्या सीटची, जी तिच्या रूपाचा निम्मा भाग. पुढे त्याच गाडीची एकसलग सीटवाली आवृत्ती काढली गेली, आणि ती स्वस्त ठेवली. कुठल्या तरी गावात कुणी तरी दाजी सीटवर पंजा ठेवून "गोणी कोठे?" विचारून गेले असणार.

आमच्या दाजींनी शेवटी हार मानली. भाच्याने उंच सीटवालीच घेतली, हार घातला, नारळ फोडला, लिंबं चाकाखाली ठेवली. दुसऱ्या दिवशी आपल्या बहिणीला मागे बसवून अडावदला निघाला. ती एका बाजूला पाय घेऊन बसली, एका हाताने पदर आणि दुसऱ्या हाताने त्याचा शर्ट. चौकातल्या पहिल्याच गतिरोधकावर गाडी उडाली. बहीण खाली उतरली, पदर झटकला आणि म्हणाली, "तू जाय भाऊ. मी येष्टीमा येस."