मेलव्हिलचं राहून गेलेलं पान

‘मोबी डिक’ या कादंबरीचं नाव आज शाळकरी पोरांनाही ठाऊक असतं. तिचा अमेरिकन लेखक हर्मन मेलव्हिल जिवंत असताना मात्र लोक त्याला ओळखत ते ‘टायपी’ या पुस्तकामुळे: नरभक्षकांत राहून आलेला खलाशी म्हणून.

१८१९ साली न्यूयॉर्कच्या खात्यापित्या घरात त्याचा जन्म झाला. १८३२ मध्ये वडील गेले, मागे कर्ज ठेवून. मग बँकेत कारकुनी, मास्तरकी. जानेवारी १८४१ मध्ये तो ‘अ‍ॅकुशनेट’ या देवमाशांच्या शिकारीच्या जहाजावर चढला. तेव्हा दिवे देवमाशाच्या तेलावर जळत, आणि ही जहाजं तीन-चार वर्षं घरचं तोंड बघत नसत. मेलव्हिलने दीड वर्षातच पॅसिफिक महासागरातल्या मार्केसास बेटांवर पळ काढला. तिथे तो जेमतेम महिनाभर राहिला. ‘टायपी’त (१८४६) त्याने त्याचे चार महिने केले! पुस्तक खपलं.

‘मोबी डिक’ १८५१ च्या ऑक्टोबरमध्ये आधी लंडनला निघालं, ‘द व्हेल’ या नावाने. त्यात शेवटचा छोटा उपसंहार छापायचाच राहिला. जहाज बुडाल्यावर गोष्ट सांगणारा खलाशी इश्माएल शवपेटीला धरून जिवंत राहतो, हे नेमकं त्यातच होतं. सगळेच बुडाले तर गोष्ट सांगतंय कोण, असं समीक्षकांनी विचारलं. महिनाभराने निघालेल्या न्यूयॉर्कच्या आवृत्तीत तो मजकूर होता, पण तोवर लंडनची परीक्षणं तिकडे पोचू लागली होती. अर्थात सगळं खापर त्या पानावर फोडता येत नाही. वाचकांना दुसरं ‘टायपी’ हवं होतं आणि याने देवमाशांची वर्गवारी पुस्तकांच्या आकारांवरून लावत अख्खं प्रकरण लिहिलं होतं. ते मला आवडतं, पण तेव्हाचा वाचक वैतागला असेल तर नवल नाही.

१८५७ नंतर त्याच्या हयातीत त्याची कादंबरी आली नाही. १८६६ पासून १९ वर्षं तो न्यूयॉर्कच्या धक्क्यांवर जकात निरीक्षक होता. रोज चार डॉलर. कविता लिहीत राहिला.

१८९१ मध्ये तो वारला, तेव्हा ‘बिली बड’ ही लघुकादंबरी अर्धवट होती. खाडाखोड केलेली, चिठ्ठ्या चिकटवलेली पानं घरच्यांनी जपली. चरित्रकार रेमंड वीव्हरने ती १९२४ मध्ये छापली, आणि लेखकाने बाद केलेला मजकूर प्रस्तावना म्हणून पुढे लावला. तो काढला गेला १९६२ च्या आवृत्तीत.