ऑपरेशनआधीचा अंदाज आणि नंतरचा इशारा

अन्ननलिकेच्या कॅन्सरचं ऑपरेशन ठरलं की परळच्या रुग्णालयांत नातेवाइकांच्या कानावर ‘धोका’ हा शब्द दोनदा येतो. एकदा संमतीपत्रावर सही करताना आणि पुन्हा ऑपरेशननंतर चौथ्या-पाचव्या दिवशी, रक्ताचा रिपोर्ट आल्यावर. मग ‘आधीच सांगितलेलं, तेच झालं’ म्हणून सगळे मोकळे होतात. हे दोन धोके मात्र एकच नव्हेत.

पहिला आहे अंदाज. वय, घटलेलं वजन, रक्तातलं अल्ब्युमिन हे प्रथिन, विडी-सिगारेट, फुप्फुसांची ताकद यांवरून तो बांधतात. ‘चाळीचे तीन मजले न थांबता चढता का?’ हा गप्पांतला वाटणारा प्रश्नही तपासणीच असते. २०१५-१६ मध्ये १४ देशांतल्या २४ अनुभवी रुग्णालयांनी २,७०४ शस्त्रक्रियांची नोंद केली. त्यांत ५९ टक्के रुग्णांना कसली ना कसली गुंतागुंत झाली, अन्ननलिका आणि जठर यांचा नवा जोड गळण्याचं प्रमाण ११.४ टक्के होतं. हे आकडे समूहाचे. आपला माणूस कुठल्या बाजूला पडेल हे ते सांगत नाहीत. त्यांचा उपयोग तयारीपुरता: विडी बंद, प्रथिनं वाढवा, तीन चेंडूंच्या यंत्रावर श्वासाचा व्यायाम. वय सोडलं तर यातलं बरंच थोडंफार सुधारता येतं, आणि माझ्या मते अंदाजाची खरी किंमत तिथेच आहे.

दुसरा आहे इशारा, याच रुग्णाचा, आजचा. ऑपरेशनमध्ये रोगट भाग काढून जठराची नळी करतात, ती वर ओढून छातीत किंवा मानेत जोडतात. हा जोड गळतोय का, यासाठी रोज रक्तातलं सीआरपी, म्हणजे सूज किंवा जंतुसंसर्ग असला की वाढणारं प्रथिन, बघतात. कुठल्याही मोठ्या ऑपरेशननंतर ते चढतंच. तिसऱ्या दिवसानंतर उतरतंय का, हे महत्त्वाचं. नीट उतरलं तर गळती नसण्याची शक्यता बरीच जास्त. चढलेलंच राहिलं तर मात्र गळती आहेच असं नाही, न्यूमोनियातही ते चढतं. मग सीटी स्कॅन किंवा दुर्बीण. थोडक्यात, सीआरपी ‘नाही’ म्हणतं तेव्हा जास्त भरवशाचं. अर्थात ताप आला, नाडी वाढली, तर ‘आधी धोका कमीच सांगितला होता’ म्हणून थांबायचं नसतं.

आणखी एक विचारून ठेवा: जोड कुठे आहे? मानेतला जास्त वेळा गळतो, पण सहसा बाहेरून निचरा होऊन आटोक्यात येतो. छातीतला कमी वेळा गळतो. गळला तर जास्त घातक.