दांड्याला धडकला म्हणून गडी बाद होत नाही

टीव्हीवर बर्फातली स्लॅलम शर्यत (पायाला स्की, म्हणजे लांब पट्ट्या, बांधून दांड्यांमधून नागमोडी उतरायची) लागली की आमच्या सांगलीत कुणीतरी हमखास म्हणतंच, "गेला! दांड्याला लागला, बाद!" कारण सरळ आहे. लायसन्सच्या परीक्षेत गाडीने आठ काढताना पाय टेकला की नापास, हे आपल्या डोक्यात पक्कं बसलंय.

बर्फावर तसं नाही. लाल-निळ्या दांड्याला कितीही वेळा धडकलं तरी दंड नाही, सेकंदही वाढत नाही. उलट सर्वात जवळची वाट दांड्याला चिकटूनच जाते, म्हणून खेळाडू नडगी आणि हात पुढे करून तो मुद्दाम आडवा पाडतात. १९८०च्या दशकात बुडाशी वाकणारे दांडे आले आणि ही रीत रुळली. नडगीवरचं कवच, हनुवटीपुढची पट्टी, हातावरची ढाल उगाच नसते!

बघितलं जातं ते पायांकडे. दोन्ही पाय आणि दोन्ही स्कींची टोकं प्रत्येक गेटमधून, म्हणजे दांड्यांनी आखलेल्या वाटेतून, गेली पाहिजेत. एक स्की दांड्याच्या चुकीच्या बाजूने निसटली की खेळ खलास, मग वेळ कितीही भारी असो. अशा दोन फेऱ्या, दोन्हींची मांडणी वेगळी, वेळेची बेरीज. पुरुषांच्या मोठ्या स्पर्धेत एका फेरीत साधारण ५५ ते ७५ गेट. २०२२च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये काश्मीरच्या आरिफ खानला स्लॅलमची पहिली फेरीही पूर्ण करता आली नव्हती.

गोंधळाला एक भाऊबंदही आहे. होडीच्या स्लॅलममध्ये गेटला नुसता स्पर्श झाला तरी २ सेकंद वाढतात. आम्हा कृष्णाकाठच्यांना तो नियम आधी पटतो, त्याला काय करणार?