पिरॅमिड बघायला जाताय? मग गिझा शेवटी ठेवा

कैरोतनं एका दिवसात पिरॅमिड दाखवून आणणाऱ्या टूर ढिगाने आहेत आणि बहुतेकांचा क्रम ठरलेला, सकाळी सकाळी गिझा, मग उंटावर बसून फोटो, जेवण, आणि वेळ उरलाच तर भर दुपारच्या उन्हात सक्कारा. दहशूर तर कित्येक टूरमध्ये नसतंच. माझं म्हणणं असं की गाइडशी आधीच बोलून हा क्रम उलटा करून घ्या. आधी सक्कारा, मग दहशूर, गिझा सगळ्यात शेवटी. गिझाचं गेट संध्याकाळी लवकर बंद होतं म्हणून गाइड कुरकुर करेल, तर भल्या पहाटे निघा पण क्रम सोडू नका. कारण ते लोक पिरॅमिड बांधायला शिकले ते याच क्रमाने, आणि हे शिकणं उरकलं साधारण शंभर वर्षांत. सक्काऱ्यातला जोसर राजाचा पिरॅमिड इ.स.पू. 2650 च्या आसपासचा, गिझातला खुफू राजाचा 2560 च्या आसपासचा. म्हणजे आज्याने पहिला बघितला असेल तर नातवा-पणतवाने शेवटचा बांधला. गिझा आधी बघितलं की बाकीचे पिरॅमिड पडके आणि बारके वाटतात आणि मग "हे माणसांनी बांधलंच नाही, एलियन आले होते" छाप व्हिडिओ खरे वाटायला लागतात. या क्रमाने गेलात तर चुका दिसतात, आणि चुका फक्त माणसंच करतात.

तर सक्कारा. जोसरच्या आधी राजाचं थडगं म्हणजे मस्तबा, कच्च्या विटांचं बसकं लांबट चौकोनी बांधकाम, खाली जमिनीत दफनाची खोली. जोसरचं कामही तसंच सुरू झालं, फक्त दगडात. मग ते वाढवत नेलं, मग त्यावर टप्पे चढवले, आधी चार टप्पे, मग अजून मोठं करून सहा. उंची झाली 62 मीटरच्या आसपास. हे सगळं ज्याच्या नावावर आहे तो इमहोतेप, जोसरचा अधिकारी, ज्याला पुढच्या काळात लोकांनी चक्क देव केला. जवळ जाऊन दगड बघा, ते बरेच लहान आहेत, कारण यांना सवय विटांची, दगडही त्याच हिशोबाने कापले. आणि दगडांचे थर आडवे सपाट नाहीत, आतल्या बाजूला कललेले आहेत. कल्पना अशी की सगळे थर मधल्या गाभ्यावर रेलले तर ढिगारा बाहेर ढासळणार नाही. ऐकायला बरोबर वाटतं ना? हीच गोष्ट पुढे दहशूरला अंगाशी आली.

सक्काऱ्यात आहातच तर एखाद्या अधिकाऱ्याच्या मस्तब्यात शिरा. मेरेरुका नावाच्या वजिराचा आहे, तब्बल 33 खोल्यांचा, भिंतीवर मासेमारी, हिशोब, मार खाणारे कर चुकवे आणि एका ठिकाणी तर तरसांना उलथं पाडून बळेबळे खाऊ घालणारी माणसं. राजाच्या पिरॅमिडमध्ये आत अशी रोजच्या आयुष्याची चित्रं नसायची, त्यामुळे ती बघायची तर या साहेब लोकांच्या थडग्यातच. टी नावाच्या दुसऱ्या एका अधिकाऱ्याच्या मस्तब्यात घसरगाडीवर ठेवलेला पुतळा ओढतायत आणि पुढे एकजण पाणी ओततोय असं चित्र आहे. यापेक्षा मोठं असंच चित्र नंतरच्या काळातल्या जेहुतीहोतेप नावाच्या अधिकाऱ्याच्या थडग्यात आहे, तिथे 172 माणसं एक प्रचंड पुतळा ओढतायत. बरीच वर्षं लोक समजत होते की पाणी ओतणं म्हणजे काहीतरी विधी असेल. 2014 साली अ‍ॅमस्टरडॅम विद्यापीठातल्या भौतिकशास्त्रज्ञांनी प्रयोग करून बघितला. कोरड्या वाळूत घसरगाडी ओढली की पुढे वाळूचा ढीग साचतो आणि गाडी रुतते. योग्य तेवढं पाणी टाकलं की वाळूच्या कणांमध्ये पाण्याचे बारके पूल तयार होतात, वाळू घट्ट होते, आणि ओढायला लागणारा जोर जवळपास निम्मा होतो. पाणी जास्त झालं की मात्र परत सगळा चिखल. जुहूच्या किनाऱ्यावर पाणी आणि कोरडी वाळू यांच्या मधल्या पट्ट्यात चालायला का सोपं जातं त्याचं कारण हेच.

दहशूर सक्काऱ्याच्या दक्षिणेला, गाडीने फार वेळ लागत नाही, आणि गर्दी जवळपास नाहीच. इथे स्नेफेरू राजाचे दोन पिरॅमिड आहेत, खुफूचा बाप हा. माझ्या मते अख्ख्या दिवसातली सगळ्यात भारी जागा हीच, त्यामुळे इथे घाई करू नका.

पहिला वाकडा पिरॅमिड. लांबूनच दिसतं की काहीतरी बिनसलंय, खाली उतार 54 अंशांच्या आसपास आणि मध्येच तो 43 अंशांवर येतो, म्हणजे वरचा भाग एकदम चपटा. झालं असं की पाया पक्क्या कातळावर नव्हता, खाली वाळू, खडी आणि मातीची नरम जमीन होती. वर लाखो टन दगड चढायला लागले तशी जमीन सगळीकडे सारखी न खचता कुठे कमी कुठे जास्त खचली आणि आतल्या खोल्यांना तडे गेले. शिवाय ते आत कललेले थर, ज्यांनी आधार द्यायचा ते सगळा भार मधोमध ढकलत होते. यांनी काय काय केलं बघा, आत देवदाराचे ओंडके आडवे ठोकून टेकू दिले (ते ओंडके आजही आत आहेत), आणि उतार कमी करून टाकला म्हणजे वर चढवायचा दगडच कमी झाला. वरच्या भागात थरही आडवे सपाट टाकायला लागले. म्हणजे एकाच इमारतीत जुनी पद्धत खाली आणि नवी पद्धत वर, बांधता बांधता बदललेली. आणि गंमत म्हणजे बाहेरचं गुळगुळीत चुनखडीचं आवरण सगळ्यात जास्त टिकलंय ते याच फसलेल्या पिरॅमिडवर.

पलीकडचा लाल पिरॅमिड म्हणजे त्याच राजाचा पुढचा प्रयत्न, या वेळी सुरुवातीपासूनच 43 अंश, थर सपाट, उंची 105 मीटरच्या आसपास. हा पहिला खराखुरा, नीट उतरलेला पिरॅमिड. आत जाता येतं. आधी बाहेरून बरंच वर चढायचं आणि मग 60 मीटरपेक्षा जास्त लांबीच्या अरुंद उतरत्या बोगद्यात कंबरेत वाकून खाली जायचं, गुडघे दुखत असतील तर विचार करून जा. तळाशी अमोनियासारखा उग्र वास नाकात जातो आणि मान वर केली की त्या वासाचंही काही वाटत नाही. छत 12 मीटर उंच, आणि दोन्ही बाजूंच्या भिंतींचे दगड थराथराने थोडे थोडे आत सरकत वर अगदी जवळ येऊन भेटतात. टॉर्च तिरका धरला तर प्रत्येक थराची कड वेगळी दिसते. हे का केलं? दगडाला दाबा, तो कितीही सोसतो, पण वाकवायला गेलात की पटकन तुटतो. खोलीवर आडवी फरशी टाकली की वरच्या वजनाने ती मध्ये वाकते आणि खालच्या बाजूने तडकते. दगड असे थोडे थोडे पुढे काढत नेले की वाकण्याचा प्रश्न फारसा राहत नाही, वजन दाबाच्या रूपात दोन्ही भिंतींत उतरतं.

एवढं डोक्यात ठेवून गिझाला पोचलात की तिथला खुफूचा पिरॅमिड वेगळा दिसतो. उतार जवळपास 52 अंश, उंची मुळात 146 मीटरच्या वर, आता 138 च्या आसपास, पाया प्रत्येक बाजूने 230 मीटर आणि या वेळी तो कातळावर. दगड अंदाजे 23 लाख. 25 वर्षं धरा, रोज दहा तास काम धरा, दर अडीच मिनिटांना एक दगड बसला पाहिजे. बाजू उत्तर-दक्षिण इतक्या अचूक की चूक एका अंशाच्या पंधराव्या भागाएवढी, 230 मीटर लांबीत पाव मीटरच्या आसपास. त्या काळी आपला ध्रुव तारा उत्तर ध्रुवाच्या जागी नव्हता बरं का, पृथ्वीचा अक्ष भोवऱ्यासारखा हळूहळू फिरतो म्हणून. मग दिशा ताऱ्यांच्या जोडीवरून काढली की सूर्याच्या सावलीवरून यावर अजून भांडणं चालू आहेत.

पिरॅमिडच्या मापात π (गणितातला पाय, म्हणजे साधारण 22 भागिले 7) लपलाय हे गाइड हमखास सांगेल. इजिप्शियन लोक उतार मोजायचे तो एक हात (म्हणजे सात मुठी) वर गेलं की किती मुठी आत यायचं असा. इथे साडेपाच मुठी. 440 हात पाया आणि 280 हात उंची यातून बरोब्बर हाच उतार येतो, आणि याच आकड्यांनी परीघ भागिले उंची केलं की 22 भागिले 7 च्या दुप्पट येतं. साडेपाच मुठींचा योगायोग आहे, बाकी काही नाही.

आत जायला वेगळं तिकीट लागतं. माणसाच्या कमरेपेक्षा जरा उंच अशा चढत्या बोगद्यातून बाहेर आलं की एकदम मोठी गॅलरी उघडते, 47 मीटर लांब, साडेआठ मीटरच्या वर उंच, आणि छत? लाल पिरॅमिडमधलंच, थराथराने आत येणारं. ओळखीचं कुणी भेटावं तसं वाटतं. वर राजाची खोली, इथे मात्र त्यांनी धाडस केलं, अस्वानहून नाईलमार्गे 800 किलोमीटर आणलेल्या ग्रॅनाइटच्या 9 प्रचंड तुळया सपाट आडव्या टाकल्या. धास्ती असणारच, कारण वर एकावर एक पाच रिकामे कप्पे सोडले आणि सगळ्यात वर दोन दगड उताराने एकमेकांना टेकवले, वजन बाजूला वळवायला. तरी नवाच्या नऊ तुळया दक्षिण बाजूला तडकल्यात, पण साडेचार हजार वर्षं पडलेल्या नाहीत. त्या कप्प्यांत कामगारांच्या टोळ्यांनी लाल रंगाने खुफूचं नाव घालून लिहिलेलं सापडलं, एलियनवाल्यांना हे कुणीतरी दाखवा. कामगारांची वस्ती, बेकऱ्या, गुराढोरांच्या हाडांचे ढीग, त्यांची स्वतःची थडगी, हे सगळं जवळच सापडलंय. तांबड्या समुद्राच्या किनाऱ्यावर वादी अल-जर्फला 2013 साली तर मेरेर नावाच्या मुकादमाची रोजनिशीच मिळाली, 40 एक माणसांची टोळी, तुराच्या खाणीतून चुनखडी बोटीत भरायची आणि गिझाला आणून टाकायची.

बाहेर आलात की खालचा एखादा दगड निरखून बघा. नाण्यासारख्या गोल चकत्या दिसतील, मसुरीपासून पुढे मोठ्याही. हे न्युम्युलाइट, उथळ समुद्रात राहणाऱ्या एकपेशीय जीवांची कवचं. स्ट्रॅबो नावाच्या प्राचीन भूगोलकाराला तिथल्या लोकांनी सांगितलं होतं की कामगारांच्या जेवणातली मसूर सांडून तिचा दगड झाला. हा दगड साधारण साडेचार कोटी वर्षांपूर्वीचा, आपला सह्याद्रीचा कातळ साडेसहा कोटींचा, म्हणजे रायगडाचा दगड पिरॅमिडच्या दगडापेक्षा बराच म्हातारा आहे.

आता अजून एक जागा राहिली, जी कुठल्याच तिकिटावर दिसत नाही. अंतराळातून येणारे कण वातावरणावर आदळले की म्युऑन नावाचे कण तयार होतात, जमिनीवर दर चौरस मीटरला मिनिटाला अंदाजे दहा हजार पडतात, आत्ता तुमच्यातूनही जातायत. दगड जेवढा जाड तेवढे ते जास्त अडतात. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या मंडळींनी कोलारच्या सोन्याच्या खाणीत खोल खोल जाऊन हेच म्युऑन मोजले होते, 1960 च्या दशकात. त्याच दशकाच्या शेवटी लुईस अल्वारेझ या नोबेलवाल्या भौतिकशास्त्रज्ञाने गिझातल्याच खाफ्रे राजाच्या पिरॅमिडमध्ये हे कण मोजणारा डिटेक्टर ठेवला, आणि जेवढा भाग तपासला त्यात लपलेली खोली नाही असं निघालं. खुफूच्या पिरॅमिडमध्ये मात्र 2017 साली स्कॅनपिरॅमिड्स या पिरॅमिड न फोडता तपासणाऱ्या प्रकल्पाच्या टीमला मोठ्या गॅलरीच्या वरच्या बाजूला अपेक्षेपेक्षा जास्त म्युऑन येताना दिसले, म्हणजे तिथे दगड कमी, कमीत कमी 30 मीटर लांबीची पोकळी. 2023 मध्ये उत्तरेकडच्या प्रवेशाच्या मागे 9 मीटरचा एक बोळ नक्की झाला, फटीतून बारीक कॅमेरा घालून बघितला तर छत दोन उतरत्या दगडांचं आणि आत काही नाही. खजिना शोधणारे नाराज झाले. पण दहशूरहून आलेल्या माणसाला हा रिकामा बोळ वजन वळवायची अजून एक युक्ती वाटेल, आणि वरच्या त्या 30 मीटरच्या पोकळीबद्दलही माझा कौल सध्या तरी तिकडेच आहे.