झोपलेला पाटकरी: ऑपरेटिंग सिस्टिममागचा इतिहास

कॉम्प्युटरच्या कुठल्याही क्लासमध्ये पहिल्याच आठवड्यात एक व्याख्या पाठ करून घेतात: ऑपरेटिंग सिस्टिम म्हणजे वापरणारा आणि हार्डवेअर यांच्यातला दुवा. परीक्षेत तिला मार्क मिळतात, तेव्हा तिच्याशी भांडण नाही. पण ती वाचून डोळ्यांसमोर येतो तो लग्न जमवणारा मध्यस्थ, इकडचा निरोप तिकडे पोचवणारा. खरे काम कालव्यावरच्या पाटकऱ्याच्या जास्त जवळचे आहे. पाणी एक, शेते अनेक. कोणाची पाळी कधी आणि किती वेळ, हे पाटकरी बघतो आणि वेळ संपली की दार बंद करतो; मग तुमचे शेवटचे दोन वाफे कोरडे राहिले तरी.

उपमेत एक मोठी अडचण आहे. पाटकरी बांधावर उभा असतो. ऑपरेटिंग सिस्टिम मात्र स्वतःच एक प्रोग्रॅम आहे आणि तिलाही चालायला तोच प्रोसेसर लागतो. एकच प्रोसेसर असेल तर एका क्षणी एकच प्रोग्रॅम चालतो. म्हणजे तुमचा प्रोग्रॅम चालू असतो तेव्हा ऑपरेटिंग सिस्टिम निपचित पडलेली असते. मग हा झोपलेला पाटकरी दार बंद करायला उठतो कसा? ऑपरेटिंग सिस्टिमचा इतिहास या एका प्रश्नाच्या धाग्याने सांगता येतो, आणि मला तरी तो तसाच सांगायला आवडतो.

सुरुवातीला हा प्रश्नच नव्हता, कारण ऑपरेटिंग सिस्टिमच नव्हती. १९५० च्या दशकाच्या पहिल्या काही वर्षांत मोठ्या यंत्रावर आपला वेळ नोंदवून ठेवायचा, पाळी आली की कार्डांचा गठ्ठा घेऊन जायचे, टेप चढवायच्या, स्विच लावायचे, चालवायचे. चूक निघाली की माणूस डोके खाजवत उभा आणि महिन्याला हजारो डॉलर भाड्याचे यंत्र ढिम्म.

यावर निघालेला पहिला तोडगा आपल्या पिठाच्या गिरणीसारखा होता. डबा ठेवा, चिठ्ठी लावा, संध्याकाळी पीठ घेऊन जा. गिरणीवाला ज्वारीचे डबे सलग दळतो, मग गव्हाचे, नाहीतर पोळ्यांच्या कणकेत ज्वारी यायची. कॉम्प्युटरचा ऑपरेटरही फोरट्रान या भाषेत लिहिलेली सगळी कामे सलग घेई, कारण त्या भाषेचे यंत्राच्या आज्ञांत रूपांतर करणारा प्रोग्रॅम, म्हणजे कंपायलर, दर वेळी टेपवरून मेमरीत आणायला वेळ जाई. यालाच बॅच म्हणत. कार्ड ऐंशी रकान्यांचे असे आणि फोरट्रानच्या कार्डावर ७३ ते ८० हे रकाने अनुक्रमांकासाठी मोकळे सोडलेले असत. गठ्ठा हातातून पडला तर तो पुन्हा लावता यावा म्हणून ही सोय. शिवाय गठ्ठ्याच्या कडेवर पेन्सिलीने एक तिरकी रेघ मारून ठेवण्याची युक्तीही होती. रेघ तुटक दिसली की समजावे, कार्डे उलटसुलट झाली. मुंबईत कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६४ साली सीडीसी ३६०० हे यंत्र आले आणि देशातल्या इतर संस्थांची कामेही तिथे होऊ लागली, तो हाच जमाना.

ऑपरेटरच्या हातचे हे काम प्रोग्रॅमकडे सोपवले ते यंत्र विकणाऱ्यांनी नव्हे, गिऱ्हाइकांनी. जनरल मोटर्सचा संशोधन विभाग आणि विमाने बनवणारी नॉर्थ अमेरिकन एव्हिएशन यांनी मिळून १९५६ मध्ये आयबीएम ७०४ साठी एक छोटी व्यवस्था लिहिली. तिला बरेचदा पहिली ऑपरेटिंग सिस्टिम म्हणतात. तिची कल्पना एका ओळीत सांगता येते: काम संपले की यंत्र थांबवू नका, मेमरीत कायम बसलेल्या आमच्या प्रोग्रॅमकडे उडी मारा, पुढचे काम आम्ही उचलतो.

सगळा कारभार विश्वासावर. प्रोग्रॅम एखाद्या न संपणाऱ्या चक्रात अडकला तर ती उडी कधी येणारच नाही. त्याने चुकून मेमरीतल्या त्या मुकादमाच्या अंगावरच काही लिहिले तर मुकादमच नाहीसा. अशा वेळी शेवटी ऑपरेटरलाच हाताने यंत्र थांबवावे लागे.

खरी कलाटणी मिळाली एमआयटीत. बॅचला कंटाळलेल्या प्रोग्रॅमरना यंत्राशी समोरासमोर बसायचे होते. एक स्वल्पविराम चुकला म्हणून उद्यापर्यंत कोण थांबणार? जॉन मॅकार्थी यांनी १९५९ मध्ये टाइमशेअरिंगचा, म्हणजे एका यंत्राचा वेळ अनेकांत पाळीने वाटण्याचा, प्रस्ताव मांडला आणि नोव्हेंबर १९६१ मध्ये फर्नांडो कोर्बातो यांच्या चमूने त्याचे पहिले ओबडधोबड प्रात्यक्षिक दाखवले. सीटीएसएस हे त्या व्यवस्थेचे नाव. टाइपरायटर चार, आणि डिस्क नसल्यामुळे प्रत्येक टाइपरायटरमागे एक चुंबकीय टेप. एकाची पाळी संपली की त्याची मेमरी त्याच्या टेपवर जायची आणि दुसऱ्याची आत यायची. धेडगुजरी प्रकार, पण चालला.

पुढे आयबीएम ७०९४ वर ही व्यवस्था नीट उभी राहिली, ती त्या यंत्रात खास बदल करून घेतल्यावर. बदल तीन होते आणि आजच्या तुमच्या फोनमध्येही तेच तीन आहेत. एक, घड्याळ. दोन, मेमरीला कुंपण: एक कप्पा व्यवस्थेचा, दुसरा वापरणाऱ्यांचा. तीन, काही आज्ञा साध्या प्रोग्रॅमला बंद.

घड्याळाचे काम जरा जवळून पाहू, कारण झोपलेल्या पाटकऱ्याला उठवणारे तेच. ठरावीक वेळ झाली की घड्याळ प्रोसेसरला टोचणी देते. याला इंटरप्ट म्हणतात. वाचता वाचता दाराची बेल वाजली की आपण पानात बोट घालून उठतो. तसा प्रोसेसर पुढची आज्ञा कुठली होती तो पत्ता टिपून ठेवतो आणि एका ठरलेल्या ठिकाणी उडी मारतो. त्या ठिकाणी ऑपरेटिंग सिस्टिम बसलेली असते. ती चालत्या प्रोग्रॅमचे सगळे रजिस्टर, म्हणजे हातातले आकडे, जपून ठेवते, रांगेतला दुसरा प्रोग्रॅम निवडते, त्याचे आकडे परत मांडते आणि त्याला सोडते. पहिल्या प्रोग्रॅमला आपण थांबलो होतो हे कळतही नाही. उडी कुठे मारायची ते ठिकाण बदलायची किंवा घड्याळ बंद करायची मुभा साध्या प्रोग्रॅमला नसते. तिसऱ्या बदलाचे महत्त्व इथे आहे. आजच्या लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिममध्ये ही टोचणी साधारणपणे सेकंदाला १०० ते १००० वेळा बसते.

आणि प्रोग्रॅमला फाइल वाचायची असेल तर? बँकेच्या गल्ल्यात आपण हात घालत नाही, खिडकीतून स्लिप सरकवतो. प्रोग्रॅमही एक खास आज्ञा देऊन ऑपरेटिंग सिस्टिमला उठवतो, मागणी पुढे करतो आणि वाट बघतो. याचे नाव सिस्टिम कॉल.

सीटीएसएसचा एक किस्सा कोर्बातो यांनीच नंतर सांगितला आहे. पासवर्डची पद्धत रुळली ती याच यंत्रावर. एकदा एक व्यवस्थापक सर्वांसाठीची सूचना संपादित करत होता आणि दुसरा त्याच वेळी पासवर्डची यादी. दोघे एकाच डिरेक्टरीत, आणि संपादनाचा प्रोग्रॅम तात्पुरत्या फाइलला दर वेळी एकच नाव देणारा. एका वेळी दोघे तो वापरतील हे लिहिणाऱ्याच्या मनातही नसणार. फाइलींची अदलाबदल झाली आणि जो जो यंत्रावर आला त्याच्या टाइपरायटरवर सूचनेच्या जागी सगळ्यांचे पासवर्ड छापून आले. प्रोसेसर वाटून दिला की बाकी सगळेही वाटले जाते आणि तिथेही पाळी लावावी लागते. पुढे नेदरलँड्समध्ये डाइक्स्ट्रा यांनी सेमाफोर नावाची युक्ती काढली, ती याच जातीच्या दुखण्यावरचे औषध: सामायिक वस्तूला हात लावण्याआधी निशाण खाली करा, काम झाले की वर करा.

कुंपणाची गोष्ट इंग्लंडमध्ये पुढे सरकली. मँचेस्टर विद्यापीठात डिसेंबर १९६२ मध्ये ॲटलस हे यंत्र सुरू झाले. टॉम किलबर्न आणि मंडळींची अडचण साधी होती: वेगवान मेमरी महाग, म्हणून तुटपुंजी. अवघे १६ हजार शब्द, आणि त्यामागे फिरत्या ड्रमवर ९६ हजार. तोपर्यंत कुठला भाग कधी आत आणायचा ही कसरत प्रोग्रॅमर स्वतः करत. ॲटलसने मेमरीचे ५१२ शब्दांचे तुकडे पाडले, त्यांना पाने म्हटले, आणि कुठले पान सध्या कुठे आहे याची वही यंत्राकडेच दिली. प्रोग्रॅमने मागितलेले पान आत नसेल तर इंटरप्ट, ऑपरेटिंग सिस्टिम जागी, पान ड्रमवरून आत, प्रोग्रॅम पुढे चालू. घरात पाहुणे वाढले की गाद्या माळ्यावरून काढायच्या आणि सकाळी परत चढवायच्या, तसेच. या व्हर्च्युअल मेमरीने दुसरा फायदाही आपोआप दिला: ज्या पानाची नोंद तुमच्या वहीत नाही, ते तुमच्यासाठी अस्तित्वातच नाही. कुंपण यापेक्षा पक्के ते काय असणार?

म्हणजे १९६२ संपेपर्यंत मुळातल्या कल्पना हाताशी होत्या. एमआयटी, जनरल इलेक्ट्रिक आणि बेल लॅब्ज यांनी १९६५ मध्ये त्या सगळ्या एकत्र घालून मल्टिक्स या ऑपरेटिंग सिस्टिमचा अवाढव्य प्रकल्प घेतला. १९६९ मध्ये बेल लॅब्जने अंग काढून घेतले. तिथल्या केन थॉम्सन यांची पत्नी त्या उन्हाळ्यात लहान मुलाला घेऊन कॅलिफोर्नियाला सासरी गेली, आणि मोकळ्या मिळालेल्या त्या आठवड्यांत त्यांनी अडगळीतल्या पीडीपी-७ या यंत्रावर युनिक्स या नव्या ऑपरेटिंग सिस्टिमचा सांगाडा उभा केला. डेनिस रिची यांच्या सी भाषेत ते १९७३ मध्ये नव्याने लिहिले गेले आणि मग एका यंत्रावरून दुसऱ्यावर नेणे सोपे झाले. युनिक्सवर बरेच लिहिले गेले आहे. इथे एवढे पुरे.

कारण याहून गमतीचा भाग पुढे आहे: घरगुती कॉम्प्युटर आला आणि सगळे विसरले गेले. आयबीएम पीसी १९८१ मध्ये आला, त्याच्या ८०८८ प्रोसेसरमध्ये कुंपण नव्हते, राखीव आज्ञा नव्हत्या. डॉस नावाची ऑपरेटिंग सिस्टिम होती, पण १९५६ च्या त्या मुकादमासारखी: विश्वासावर चालणारी. घड्याळ मात्र होते आणि सेकंदाला साधारण १८.२ वेळा टोचतही होते. डॉस त्याचा उपयोग करी तो मुख्यतः वाजले किती हे बघायला! पाळी बदलण्याचा प्रश्नच नव्हता, शेतकरी एकच.

कुंपण नसण्याचा एक फायदा आपल्याला झाला, तो नोंदवायला हवा. डॉसला देवनागरी येत नव्हती. पुण्याच्या सी-डॅकचे जिस्ट कार्ड पीसीत बसवले की डॉसच्या साध्या प्रोग्रॅममध्ये मराठी अक्षरे उमटत. उघड्या घरात शेजारी येऊन स्वयंपाक करून जावा, तशातला प्रकार. ऑपरेटिंग सिस्टिममध्येच मराठीची सोय येण्यासाठी, निदान विंडोजपुरती, विंडोज २००० ची वाट बघावी लागली.

अनेक खिडक्यांचे युग आले तेव्हा मात्र हा विश्वासाचा कारभार अंगाशी आला. विंडोज ३.१ मध्ये प्रोग्रॅमने आपण होऊन ताबा सोडायचा असे. त्या काळच्या मॅकिंटॉशवरही तेच. ज्याने त्याने आपले दार आपण बंद करावे, पाटकरी नकोच. एकाने दारे धरून ठेवली की बाकीच्या खिडक्या थिजल्या. ‘हँग झाला’ हा शब्द मराठीत कायमचा राहायला आला, तो याच सुमारास असावा.

सोय तोवर सिलिकॉनमध्ये आलेली होती. इंटेलच्या ३८६ मध्ये, म्हणजे १९८५ पासून, पाने होती, राखीव आज्ञा होत्या, सगळे होते. हेलसिंकीच्या लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने १९९१ च्या सुरुवातीला असा ३८६ घेतला आणि त्यावर जो प्रयोग केला तो मला या सगळ्या इतिहासातला सर्वांत सुंदर वाटतो. दोन छोटी कामे. एक पडद्यावर ‘ए’ हे अक्षर छापत सुटणार, दुसरे ‘बी’. कोणीही आपण होऊन थांबणार नाही. घड्याळाची टोचणी बसली की पाळी बदलायची. पडद्यावर ए ए ए ए, मग बी बी बी बी, पुन्हा ए. झाले, पाटकरी उठायला शिकला. त्याच वर्षी २५ ऑगस्टला त्याने आपल्या ‘छंदा’ची, म्हणजे पुढच्या लिनक्सची, जाहीर वाच्यता केली. आज अँड्रॉइड फोनच्या पोटात चालतो तो त्याचाच वारस.

मायक्रोसॉफ्टने १९९३ मध्ये पक्क्या कुंपणाचे विंडोज एनटी आणले, पण ते कचेऱ्यांसाठी. घरातल्या पीसीवर त्याच घराण्याचे एक्सपी आले ते २००१ मध्ये, आणि मॅक ओएस टेन त्याच वर्षी. ॲटलसनंतर जवळजवळ चाळीस वर्षांनी.

कुंपण पक्के झाले असे धरून सगळे चालले होते, तोच जानेवारी २०१८ मध्ये मेल्टडाउन नावाचे भगदाड उघडकीला आले. वेग वाढावा म्हणून इंटेलचे बरेच प्रोसेसर पुढच्या आज्ञा आगाऊ चालवून बघत आणि परवानगी आहे का ते मागून तपासत. परवानगी नसली की निकाल टाकून देत, पण कॅशमध्ये, म्हणजे प्रोसेसरच्या हाताशी असलेल्या छोट्या वेगवान मेमरीत, खूण मागे राही. ती खूण मोजून साधा प्रोग्रॅम कर्नलची, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याची, मेमरी वाचू शकत होता. उपाय म्हणून कर्नलच्या पानांची वही प्रोग्रॅमच्या वहीपासून जवळपास पूर्ण वेगळी केली गेली. आता सिस्टिम कॉलच्या खिडकीशी गेले की वही बदलायची, परत येताना पुन्हा बदलायची. डेटाबेससारख्या, खिडकीशी सतत फेऱ्या मारणाऱ्या प्रोग्रॅमांना तो वेळ सर्वांत जास्त जाणवला.