कॅडबरी जंक्शन ते गल्लीतलं दुकान: पोस्टवर चालणाऱ्या जाहिरातींची पार्श्वभूमी

दिवाळी तोंडावर आली की राम मारुती रोड आणि गोखले रोडवरच्या दुकानांचे रील ठाणेकरांच्या फोनवर धडकू लागतात. साडी, सोनं, फराळ, सगळ्यांचेच. माध्यम नवं असलं तरी युक्ती जुनी आहे: लोक ज्या विषयावर बोलत आहेत, त्यातच आपलं नाव गुंफायचं.

१९६६ साली मुंबईत सिल्व्हेस्टर डाकुन्हा यांच्या एजन्सीने अमूल बटरचं काम घेतलं. युस्टेस फर्नांडिस यांनी ठिपक्यांच्या फ्रॉकमधली मुलगी काढली आणि पुढे निवडणूक असो, क्रिकेट असो की सिनेमा, त्यावरची कोटी फलकावर झळकू लागली. मोमेंट मार्केटिंग म्हणतात ते हेच. फक्त फलकाला उलट उत्तर देता येत नव्हतं.

ती सोय सोशल मीडियाने केली. अमेरिकेत जुलै २०१० मध्ये ओल्ड स्पाइस या पुरुषांच्या प्रसाधनांच्या ब्रँडने लोकांच्या ट्विटना जाहिरातीतल्या नटाकडूनच उत्तरं देववली. काही दिवसांत १८० हून जास्त छोटे व्हिडिओ निघाले. २०१३ च्या सुपर बोल, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या अंतिम सामन्यात वीज गेली, तेव्हा अंधारातही बिस्कीट बुडवता येतं, असं ओरिओने ट्विट केलं आणि ते एक ट्विट जगभर गाजलं.

आपल्याकडे हे फोफावलं डेटा स्वस्त झाल्यावर. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ सुरू झालं. त्याचा मोठा कारभार नवी मुंबईत, घणसोलीच्या रिलायन्स संकुलातून चालतो. व्हिडिओ बघताना डेटा संपेल ही धास्ती गेली आणि जाहिरातींचा मोर्चा फोनकडे वळला.

मला सगळ्यात मोलाची वाटते ती कॅडबरीची २०२१ ची दिवाळी मोहीम. ठाण्यात या कंपनीच्या कारखान्यावरून एका चौकाचं नावच कॅडबरी जंक्शन पडलंय, तीच ही कंपनी. कोरोनाने छोटे दुकानदार पार खचले होते. ओगिल्वी या जाहिरात एजन्सीने शाहरुख खानला घेऊन एकच जाहिरात केली, पण कृत्रिम बुद्धिमत्तेच्या मदतीने त्याचा चेहरा आणि आवाज असा जुळवला की तो वेगवेगळ्या दुकानांची नावं घेताना दिसे. बघणाऱ्याच्या पिनकोडप्रमाणे जवळची दुकानं यायची. दुकानदाराला स्वतःच्या दुकानाच्या नावाची जाहिरात तयार करून व्हॉट्सॲपवर फिरवता यायची. कपड्यांचं वा चपलांचं साधं दुकान, आणि त्याची शिफारस करणारा शाहरुख! एवढा मोठा चेहरा गल्लीतल्या दुकानदाराला एरवी कुठून परवडणार? कंपनीचं नाव झालंच, पण त्याच्या पदरातही काही पडलं, म्हणून ही मोहीम मला इतरांहून वरची वाटते.

जानेवारी २०२३ मध्ये ब्लिंकिट आणि झोमॅटोचे जोडफलक आले: एकावर 'दूध मांगोगे, दूध देंगे', शेजारी 'खीर मांगोगे, खीर देंगे', एका हिंदी सिनेमातल्या संवादावर बेतलेले. फलक रस्त्यावर होते, पण बहुतेकांनी ते फोनवरच पाहिले. इतर ब्रँडांनीही लगेच आपापले अवतार काढले.

याच काळात पैसे घेऊन केलेल्या शिफारशीही वाढल्या. म्हणून ॲस्की या जाहिरात क्षेत्राच्या स्वनियामक संस्थेने नियम केले. ते १४ जून २०२१ पासून लागू आहेत. मोबदला घेतला असेल तर पोस्टवर तसं ठळक लिहायचं, हॅशटॅगच्या गर्दीत लपवायचं नाही. पंधरा सेकंदांपर्यंतच्या व्हिडिओत ती खूण किमान तीन सेकंद दिसायला हवी. ती इंग्रजीत किंवा जाहिरातीच्या भाषेत चालते. ठाण्यातल्या मिसळीवरचा रील मराठीत बोलत असेल, तर 'जाहिरात' हा शब्दही पडद्यावर मराठीतच आणि पहिल्या क्षणापासून दिसावा, असं मला वाटतं.